‘कळवतो’ म्हणाले, आता काय करू?

मागच्या अंकात मुलाखतीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि इनबॉक्स भरून वाहायला लागला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळं सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं बसलेय, आधी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आणि नंतर आयटीत, तर खालचं सगळं तिकडून कसं दिसतं ते आहे. पुस्तकातलं नाही.

प्रश्न : ताई, मी कराडमधून मेकॅनिकल डिप्लोमा केलाय. चाकणला वॉक-इन मुलाखतीला जातो पण ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ आलं की पाठ केलेलं सुरू होतं आणि मधेच अडकतं. इंग्रजी पण कच्चं आहे. पुढच्या आठवड्यात क्वालिटी इन्स्पेक्टरसाठी बोलावलंय. काय तयारी करू?
– डिप्लोमावाला, कराड

अरे, अडकणारच ना. तो पॅरा तुझा नाहीचे, यूट्यूबवरून उचललेला आहे. ‘आय ॲम हार्डवर्किंग अँड क्विक लर्नर’ हे सकाळपासून रांगेतल्या प्रत्येक पोरानं म्हटलेलं असतं, तुझा नंबर येईपर्यंत समोरच्याला ते ऐकूच येत नाही. आणि समोर जो बसलाय तो बहुतेक वेळा क्वालिटीचाच इंजिनिअर असतो, त्याची शिफ्ट चालू असते, खाली लाइनवर काहीतरी रिजेक्शन पडलेलं असतं आणि एचआरनं बोलावलं म्हणून तो थोड्या वेळासाठी वर आलेला असतो. त्याला तुझ्याबद्दल दोनच गोष्टी हव्यात. ह्या पोराच्या हातात उद्या जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, दिला तर हा नीट मोजेल का, आणि जॉब चुकीचा निघाला तर गप्प बसेल का सांगेल.

म्हणून ओळख सांगताना चार-पाच वाक्यांत संपव. कुठला, डिप्लोमा कधी झाला, ट्रेनिंग किंवा प्रोजेक्ट कुठं केला आणि तिथं स्वतःच्या हातानं काय केलं. ‘कंपनीत ट्रेनिंग केलं’ यात काही कळत नाही. ‘टर्निंगचे बुश यायचे, मी ओडी-आयडी (बाहेरचा-आतला व्यास) चेक करून रिपोर्ट भरायचो, दर तासाला पाच पीस’ असं म्हटलंस की तो मान वर करून बघतो. मग तो त्यावरच पुढचे प्रश्न विचारतो, म्हणजे पेपर तूच सेट केलास की.

आता खरी परीक्षा. बऱ्याच ठिकाणी टेबलावर एक जॉब आणि व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) ठेवतात आणि म्हणतात, मोज. पोरं काय करतात, घाईघाईनं उचलतात, लावतात, आकडा सांगतात. समोरचा आकड्याच्या आधी तुझे हात बघत असतो. व्हर्नियरचे जॉ (जबडे) पुसलेस का? जॉबला बर (धारेवरची कच) किंवा चिप (धातूचा कीस) चिकटलीय का बघितलंस का? जॉ पूर्ण बंद करून झिरो बघितलास का? तिथं शून्य दाखवत नसेल, म्हणजे झिरो एरर असेल, तर तो वजा करायचा की मिळवायचा हे सांगता येतं का? नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ एमएम, मायक्रोमीटरचा ०.०१, हे झोपेतून उठवलं तरी यायला पाहिजे. समज मेन स्केल २४ दाखवतोय आणि व्हर्नियरची १७ वी रेघ जुळतेय, तर १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, एकूण २४.३४. इथं थांबू नकोस. ड्रॉइंगवर २४.३० ± ०.०५ लिहिलेलं असेल तर लिमिट २४.२५ ते २४.३५. तर म्हणायचं, ‘सर, जॉब ओके आहे पण वरच्या लिमिटला चिकटलाय, मी जागा बदलून दोन-तीन ठिकाणी घेईन आणि मायक्रोमीटरनं परत बघेन.’ हे वाक्य बोलणारा पोरगा मी क्वचित परत पाठवलेला बघितलाय, मग त्याचं इंग्रजी कसंही असो.

मग गो-नो गो गेज (माप मर्यादेत आहे का एवढंच सांगणारं), सेव्हन क्यूसी टूल्स (दोष शोधायची सात साधनं), फाइव्ह एस (कामाची जागा नीट ठेवायची पद्धत), पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय), हे बघून जा. पण व्याख्या पाठ करू नको. प्रत्येकाचं एक उदाहरण तुझ्या ट्रेनिंगमधलं काढून ठेव. उदाहरण नसेल तर ‘हे मी फक्त वाचलंय, वापरलं नाही’ असं सरळ सांग, चालतं, थापेपेक्षा कितीतरी बरं. थाप मारलीस की दुसऱ्याच प्रश्नात उघडी पडते कारण तो माणूस हेच काम रोज करतो.

इंग्रजीचं म्हणशील तर शॉप फ्लोअरवर, म्हणजे मशीन असतात तिथं, हिंदी-मराठीच चालते. सुरुवातीलाच विचार, ‘सर, हिंदीत सांगितलं तर चालेल का?’ नव्वद टक्के वेळा हो म्हणतात, किंबहुना त्यांनाही हायसं वाटतं. पण रिपोर्ट इंग्रजीत भरायचा असतो, तेव्हा ड्रॉइंग वाचता आणि दोन ओळी रिमार्क लिहिता यायला पाहिजेत, तेवढं कर.

आणि उठायच्या आधी तूही विचार. कंपनी रोलवर, म्हणजे थेट कंपनीच्या नावावर, घेणार की ठेकेदाराच्या? हा प्रश्न पोरं लाजून विचारत नाहीत आणि मग जॉइनिंगच्या दिवशी गेटवर वेगळ्याच नावाचा कागद हातात येतो. शिफ्ट किती, बस कुठवर, कॅन्टीनचे पैसे कापतात का, हे पण विचार, कुणी रागावत नाही. कागदांचे दोन झेरॉक्स सेट, ओरिजिनल वेगळ्या फाइलला, आधार, पॅन, पासबुक, आणि आधी कुठं पीएफ कापला गेला असेल तर यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर. आणि वॉक-इनला डबा घेऊन जा रे, सकाळी नऊला बोलावून दुपारी तीनला नंबर येतो.

प्रश्न : मुलाखतीला ब्लेझर घालावा का?
– एक वाचक, सोलापूर

मे महिन्यात, सोलापुरात? नको. इस्त्रीचा फिका शर्ट, काळी किंवा नेव्ही पँट, पुसलेले बूट. कारखान्यात जाणार असाल तर बंद बूटच हवेत, सँडल घालून आलेल्याला फ्लोअरवर नेता येत नाही. मुलींनी कुर्ता घातला काय आणि पँट-शर्ट घातला काय, फ्लोअरवर जायचं असेल तर ओढणी नको, एवढंच.

प्रश्न : मी नाशिकची. बीकॉम, सात वर्षं अकाउंट्सला होते. २०२० मध्ये बाळंतपण आणि मग कोविड, नोकरी सुटली ती सुटलीच. आता मुलगा शाळेत जातो. दोन ठिकाणी मुलाखत दिली, दोन्हीकडे ‘एवढा गॅप?’ आणि ‘घरी मुलाला कोण बघणार?’ हेच विचारलं. एकानं तर दुसऱ्या मुलाचा विचार आहे का असंही विचारलं. मी गडबडून काहीतरी लांबलचक सांगत बसते आणि घरी येऊन रडते.
– नाव छापू नका, नाशिक

अगं, नाव नाही छापत. आणि रडू नकोस, म्हणजे रड हवं तर पण त्यांच्यासाठी नको.

आधी तो तिसरा, दुसऱ्या मुलाबद्दलचा प्रश्न. बाई म्हणून भरतीत भेदभाव करायचा नाही हे आपल्याकडं १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून लिहिलेलं आहे, म्हणजे तुझ्या-माझ्या आधीपासून. आता मुलाखतीच्या खुर्चीत बसून कायदा सांगायला गेलीस तर नोकरी मिळणार नाही हे मलाही कळतं. पण म्हणून घरचं सगळं उलगडून सांगायची गरज नाही. ‘तो माझा घरचा विषय आहे, कामाच्या आड येणार नाही’ एवढं म्हणायचं, हसून म्हण हवं तर, आणि थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. त्यानंतरही तो माणूस तेच खोदत बसला तर त्या ऑफिसात पुढची पाच वर्षं काय होणार आहे ते तुला तिथंच दिसलं, फुकटात.

मुलाला कोण बघणार, ह्याला मात्र एक नेमकं उत्तर तयार ठेव, कारण हा प्रश्न विचारणाऱ्या सगळ्यांच्याच मनात काळंबेरं असतं असं नाही, छोट्या फर्मचा मालक खरंच विचार करत असतो की ऐन जीएसटी रिटर्न भरायच्या दिवशी ही सुट्टी तर नाही ना टाकणार. तर असं सांग : ‘त्याची सोय झालीय. साडेनऊ ते सहा मला जमतं, आणि महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास उशीर होतो हे मला माहीत आहे, ते धरूनच आले आहे.’ जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) ची ११ आणि जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) ची २०. एकाच वाक्यात मुलाची सोय पण सांगून झाली आणि तू काम विसरलेली नाहीस हे पण. सासूबाई, पाळणाघर, नवऱ्याची शिफ्ट, ह्यातलं काहीच सांगायची गरज नाही.

आता गॅप. इथं मी जरा कडक बोलणारे. गॅपची लाज वाटायचं काही कारण नाही पण गॅपमध्ये काय काय बदललं हे माहीत नसेल तर त्यांचं बरोबर आहे. तू काम सोडलंस तेव्हा अकाउंट्सचं सॉफ्टवेअर टॅली ईआरपी ९ होतं, २०२० च्या शेवटी टॅलीप्राइम आलं, मेनू सगळे बदलले. जीएसटीआर-२बी (सप्लायरनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) आलं आणि १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये दिसेल तेवढंच इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट. ई-इन्व्हॉइस (पोर्टलवर नोंदवायचं बिल) साठीची उलाढालीची मर्यादा खाली येत येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आलीय. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर जीएसटीचे दरच बदलले, १२ आणि २८ चे टप्पे गेले, बहुतेक माल ५ नाहीतर १८ मध्ये. हे सगळं तुझ्या गॅपमध्ये झालंय, आणि मुलाखत घेणारा नेमकं ह्यातलंच काहीतरी विचारणार.

तर दोन महिने काढ. ओळखीतल्या एखाद्या कर सल्लागाराकडं जाऊन बस, पैसे मिळोत न मिळोत, पर्चेस रजिस्टर आणि २बी जुळवायचं काम माग. ते काम सगळ्यांना नकोसं असतं, तुला आनंदानं देतील. दोन-तीन पार्ट्यांचं रिकन्सिलिएशन, म्हणजे ही जुळवणी, स्वतः केलंस ना की सीव्हीत ‘२०२० पासून काही वर्षं कौटुंबिक कारणानं विराम, आता जीएसटी रिकन्सिलिएशनचं काम’ असं लिहिता येतं आणि मुलाखतीत बोलायला खरं काहीतरी असतं. ‘एका पार्टीचं बिल २बी मध्ये दिसत नव्हतं, सप्लायरनं चुकीचा जीएसटी नंबर टाकला होता, मी फोन करून दुरुस्ती करून घेतली.’ हे ऐकल्यावर गॅपबद्दल दुसरा प्रश्न येत नाही. आला तरी जुजबी.

पगार मागताना मात्र नोकरी सुटली तेव्हाचा आकडा सांगू नकोस. बायका हे हमखास करतात. आजच्या कामाचा आजचा भाव विचारून जा.

प्रश्न : मॅडम, हिंजवडीला दोन राउंड झाले, शेवटी एचआर म्हणाली ‘वी विल गेट बॅक टू यू’. १२ दिवस झाले. मी थँक्यू मेल टाकला, मग व्हॉट्सअपवर ‘एनी अपडेट मॅम’ असे तीन मेसेज टाकले. ब्ल्यू टिक आहे, उत्तर नाही. आता फोन करू का? का झालं नाही समजू?
– अस्वस्थ, वाकड

बऱ्याच जणांनी हेच विचारलंय, काहींनी तर स्क्रीनशॉट पाठवलेत, म्हणून जरा सविस्तर.

आधी हे समजून घे की त्या बारा दिवसांत तिकडं काय चालू असतं. एक, तुझ्यासारखे आणखी चार-पाच जण बघून व्हायचे असतात. दोन, ज्या मॅनेजरनं तुला घेतलं म्हणून सांगायचं तो क्लायंट कॉलमध्ये नाहीतर रजेवर, आणि फीडबॅकचा फॉर्म त्यानं भरलेलाच नसतो, एचआर त्याच्या मागं लागलेली असते जशी तू तिच्या मागं. तीन, पगाराचा आकडा वरून मंजूर व्हायचा असतो. चार, आणि हे कुणी तोंडानं सांगत नाही, तू दुसऱ्या नंबरवर असतोस. पहिल्याला ऑफर गेलीय, त्यानं हो म्हटलंय, पण त्याचा ९० दिवसांचा नोटीस पिरियड आहे आणि तो येईलच ह्याची खात्री एचआरला नाही, कारण अशी मुलं ऑफर खिशात घालून दुसरी शोधत असतात. म्हणून तुला नाही पण म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत. लोंबकळत ठेवतात. वाईट आहे पण असंच चालतं.

ह्याच्यातलं एकही कारण ‘एनी अपडेट’ ह्या मेसेजनं सुटत नाही. तिला तुझं नाव तरी आठवायला पाहिजे ना! तिच्याकडं एका वेळेला दहा-पंधरा जागा चालू असतात. मेसेज असा हवा की तिला काही शोधावं लागू नये आणि एका ओळीत उत्तर देता यावं. साधारण असं, आणि व्हॉट्सअपवर नाही, ज्या मेलवरून मुलाखतीचं बोलावणं आलं त्याच मेलला रिप्लाय करून :

‘नमस्कार मॅडम, मी (नाव). (तारीख) ला जावा डेव्हलपरच्या जागेसाठी माझा दुसरा राउंड झाला होता. त्या कामात मला अजूनही रस आहे. सध्या दुसऱ्या एका ठिकाणीही प्रक्रिया चालू आहे, म्हणून निर्णयाला साधारण किती वेळ लागेल हे कळलं तर मला ठरवायला सोपं जाईल. काही कागद हवे असतील तर लगेच पाठवतो.’

इंग्रजीत लिहिणार असशील तर हेच साध्या इंग्रजीत, ‘काइंडली डू द नीडफुल’ वगैरे न घालता. दुसरीकडं खरंच प्रक्रिया चालू असेल तरच ते वाक्य ठेव हं, नसेल तर काढून टाक. एचआर एकमेकांना फोन करतात, पुण्यात तर फारच.

खरं तर हा प्रश्न मुलाखतीच्या खोलीतच विचारायचा असतो. ‘साधारण कधीपर्यंत कळेल, आणि नाही कळलं तर मी कुणाला मेल करू?’ त्यांनी शुक्रवार म्हटलं तर पुढच्या सोमवारी-मंगळवारी मेल. काहीच म्हटलं नसेल तर एक आठवडा सोडून. मग आणखी आठ-दहा दिवसांनी एकदा, कामाच्या वेळेत फोन. त्यापुढं नाही. आणि मॅनेजरला लिंक्डइनवर शोधून मेसेज करायचा जो सल्ला आजकाल फिरतोय ना, तो मला पटत नाही. क्वचित चालतो, बरेचदा एचआरला राग येतो की मला ओलांडून गेला.

थँक्यू मेलबद्दलही सांगते. ‘थँक यू फॉर युवर व्हॅल्युएबल टाइम’ असा कोरडा मेल पाठवलास काय आणि न पाठवलास काय, फरक पडत नाही. फरक कधी पडतो? मुलाखतीत एखादा प्रश्न अर्धवट राहिला असेल आणि तू त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहिल्यास की तुम्ही ती डेटाबेसची क्वेरी स्लो का आहे विचारलं होतं, घरी येऊन करून बघितलं, इंडेक्स दुसऱ्या कॉलमवर हवा होता. असा मेल एचआर मॅनेजरला पुढं पाठवते. मी स्वतः पाठवलेत.

तुझं आता काय? तीन मेसेज गेलेत ते गेले. चौथा टाकू नको, वरचा मेल एकदा कर आणि दुसरीकडं अर्ज चालू ठेव. त्या एका जागेवर डोळे लावून बाकीचं थांबवलं असशील, पत्रावरून तसंच वाटतंय, तर आजच सुरू कर. तीन महिन्यांनी फोन येतो कधीकधी, तो पहिला माणूस आलाच नाही म्हणून. तेव्हा ‘इतके दिवस कुठं होता’ असा सूर लावायचा नाही, पगाराचं मात्र ताठ बोलायचं, कारण आता घाई त्यांना आहे.

प्रश्न : माझा मुलगा बुजरा आहे. पुण्याला पहिलीच मुलाखत आहे. मी सोबत आत गेलो तर चालेल का? दोन शब्द मी बोलेन.
– एक वडील, बार्शी

काका, पुण्यापर्यंत जरूर जा. गेटपर्यंतही जा. समोरच्या टपरीवर चहा घेत बसा. आत नको. वडील आत आले की मुलगा कितीही हुशार असला तरी कागदावर शेरा वेगळाच पडतो. आणि बाहेर आल्यावर ‘काय काय विचारलं’ हे लगेच विचारू नका, आधी त्याला जेवायला घाला.

प्रश्न : मला ४ लाख २० हजारांचं पॅकेज देतो म्हणाले, म्हणजे महिना ३५ हजार ना? मैत्रीण म्हणते हातात एवढे येत नाहीत. आणि मुलाखतीत ‘एक्स्पेक्टेड सॅलरी’ विचारल्यावर काय सांगायचं?
– कन्फ्युज्ड, छत्रपती संभाजीनगर

मैत्रीण हुशार आहे. हिशेब मांडूया. ४,२०,००० ही सीटीसी, म्हणजे कंपनीला तू वर्षाला केवढ्याला पडतेस तो आकडा. महिन्याला ३५,०००. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मं धरलं तर १७,५००. त्याचा १२ टक्के कंपनीचा पीएफ म्हणजे २,१०० हे सीटीसीतूनच जातात. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, साधारण ८४२, तीही बऱ्याच कंपन्या ह्यातच धरतात. उरले ३२,०५८, हा झाला ग्रॉस. त्यातून परत तुझ्या वाट्याचा पीएफ २,१०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला (फेब्रुवारीत ३००). हातात २९,७५८. इन्कम टॅक्स ह्या पगाराला लागत नाही. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापतात, म्हणजे १,८००, तेव्हा आकडा थोडा हलतो.

आणि त्या ४ लाख २० हजारांत दहा टक्के ‘व्हेरिएबल’ असेल, जे वर्षाच्या शेवटी कंपनीची आणि तुझी कामगिरी बघून देतात किंवा देत नाहीत, तर महिन्याचे आणखी ३,५०० वजा. आलीस २६ हजारांवर. ३५ चं २६ असं होतं. कुणी फसवत नाही, कागदावर सगळं असतं, आपण विचारत नाही. म्हणून विचारायचं : ‘ह्यात फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, आणि इन-हँड साधारण किती येईल? पगाराचा ब्रेकअप मेलवर मिळेल का?’ मेलवर, बरं का. फोनवर सांगितलेला आकडा कुणालाच आठवत नसतो.

अपेक्षा विचारल्यावर ‘ॲज पर कंपनी नॉर्म्स’ म्हणू नकोस, म्हणजे तुम्ही द्याल ते घेते असा अर्थ होतो. त्याच कामाला त्याच शहरात काय देतात हे दोन-तीन जणांना विचारून ठेव, तुमच्याकडच्या वाळूजचा भाव वेगळा आणि पुण्याचा वेगळा, पुण्यात घरभाडंच खाऊन टाकतं. मग एक आकडा सांग आणि गप्प बस. त्यांना बोलू दे. आधीचा पगार फुगवून सांगायचा मोह सगळ्यांना होतो पण शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतातच, मग पंचाईत.

ऑफर लेटर हातात आल्याशिवाय जुन्या ठिकाणी राजीनामा टाकायचा नाही. हे सांगायला नको खरं तर, पण ह्या महिन्यात दोघांनी टाकलाय म्हणून सांगतेय.

प्रश्न : गावात राहतो, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. ऑनलाइन मुलाखत आहे, लॅपटॉप नाही, मोबाइलवरून दिली तर चालेल?
– एक वाचक, ता. गेवराई

चालतं की. मोबाइल हातात धरून नाही, डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेव, दोन डबे एकावर एक रचले तरी होतं. उजेड तोंडावर यायला हवा, पाठीमागं खिडकी नको, नाहीतर तू काळा ठिपका दिसतोस. वायरचा इअरफोन घे, ब्लूटूथ ऐनवेळी दगा देतो. दोन सिम वेगळ्या कंपन्यांची आणि दोन्हीत डेटा. आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागी मित्राला व्हिडिओ कॉल करून बघ कारण संध्याकाळी सातला नेटवर्क वेगळं आणि दुपारी वेगळं. घरच्यांना सांगून ठेव, कुकर अर्धा तास पुढं-मागं करा म्हणून.

आणि सगळ्यात कामाचं, मुलाखतीच्या आधीच एचआरला कळव : ‘आमच्याकडं लाइट जाते, कॉल कट झाला तर पाच मिनिटांत ह्या नंबरवर फोन करतो.’ आधी सांगितलं तर अडचण, नंतर सांगितलं तर सबब. फोनची चार्जिंग शंभर टक्के करून बस, बाकी तू काही करू शकत नाहीस.

प्रश्न : विमानतळावर ग्राउंड स्टाफची नोकरी लागली म्हणून फोन आला. टेलिग्रामवर पाच मिनिटांची मुलाखत झाली, लगेच सिलेक्शन लेटर पण आलं. आता युनिफॉर्म आणि सिक्युरिटीचे साडेचार हजार भरायला सांगतायत, जॉइनिंगला परत मिळतील म्हणे. भरू का?
– एक वाचक, भुसावळ

नको. अजिबात नको.

नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. युनिफॉर्म, लॅपटॉप, ट्रेनिंग, मेडिकल, गेट पास, नाव काहीही देतील, पैसे आधी मागितले की समजायचं. लेटर नीट बघा, मेल जीमेलवरून आला असेल, लोगो वाकडातिकडा असेल, सहीखाली पद लिहिलंय पण खात्याचा पत्ता नाही. कंपनी खरी आहे का हे बघायचं तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर नाव टाकून नोंदणी कधीची आणि चालू आहे का ते फुकट दिसतं. पीएफ ऑफिसच्या साइटवर आस्थापनेचं नाव शोधलं तर किती कामगारांचा पीएफ भरला जातो तेही दिसतं, ही युक्ती खऱ्या पण छोट्या कंपनीत जातानाही वापरा, पाचशे माणसं आहेत म्हणणाऱ्याचा पीएफ अकरा जणांचा निघतो कधीकधी. खऱ्या कंपनीच्या नावावर खोटी भरती असेल तर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर काढून फोन करा, त्यांनी पाठवलेल्या नंबरवर नाही.

आधार-पॅनचे फोटो पाठवले असतील तर बँकेत सांगून ठेवा, ओटीपी कुणालाच देऊ नका. आणि हे वाचेपर्यंत पैसे भरून झाले असतील तर लाजून घरी लपवत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी अडवण्याची शक्यता जास्त. मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, व्यवहाराचा नंबर आणि टेलिग्रामचे स्क्रीनशॉट जोडून. चॅट डिलीट करू नका.